२१ मे : आकुर्डीच्या ‘बजाज’ घराण्यातील आजी

जानकीदेवी बजाज यांचे २१ मे १९७९ रोजी निधन झाले, वयाच्या ८६व्या वर्षी. चिंचवडहून आकुर्डीकडे जाताना ‘बजाज’ म्हटले की स्कूटर आठवते. राहुल बजाज यांच्या या आजीने मात्र खादीच नेसली. जन्म ७ जानेवारी १८९३, जावरा येथे. लहानपणीच जमनालाल बजाज यांच्याशी लग्न होऊन त्या वर्ध्याला आल्या. गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी दागिने उतरवले, परदेशी कापडाची होळी केली. सधन मारवाडी घरातल्या सुनेने पदर मागे घेऊन सभेत बोलायचे, हे त्या काळी दागिने उतरवण्याहून अवघड असावे! १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले झाले, तेव्हा पतीसोबत त्याही होत्या.

१९४२ मध्ये जमनालालजी गेले. पुढची ३७ वर्षे गोसेवा, विनोबांचे भूदान आणि विहिरींसाठी कूपदान यांत गेली. १९५६ मध्ये पद्मविभूषण. मुलगा कमलनयन १९७२ मध्ये त्यांच्या आधी गेला. त्याच वर्षी बजाजची ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. नातू राहुल आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच राहत.