न दिसणाऱ्या शर्यतीचा प्रेक्षक

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा माणूस सायकलच्या शर्यतीकडे कुठे वळला. पण निवृत्तीनंतर जुलै महिन्यातले तीन आठवडे माझी संध्याकाळ टूर द फ्रान्ससाठी राखलेली असते, आणि घरच्यांनीही आता ते मान्य केलं आहे. तरी आज मला शर्यतीचा इतिहास सांगायचा नाही. तिच्या प्रेक्षकाचा सांगायचा आहे, कारण हा प्रेक्षक मोठा विलक्षण प्राणी आहे.

आता बघा. क्रिकेटच्या मैदानात बसलात की सगळा सामना तुमच्या डोळ्यांसमोर होतो. टूरमध्ये मात्र सुमारे ३,४०० किलोमीटर, एकवीस टप्पे. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस सकाळपासून जागा धरून बसतो. सपाटीवर असेल तर शंभर-दीडशे स्वारांचा थवा मिनिटाच्या आत त्याच्यासमोरून निघून जातो. घाटात असेल तर जरा जास्त वेळ, कारण तिथे स्वार एकेक करून येतात. आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यत पाहायला लोक बोरघाटातच गर्दी करत आले आहेत. 'घाटाचा राजा' तिथेच ठरतो. पण बाकीची शर्यत? ती त्याला दिसतच नाही. ती त्याला कोणीतरी सांगावी लागते.

न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. टूरचा प्रेक्षक प्रत्यक्षावर मिनिटभर जगतो आणि शब्दावर तीन आठवडे. तेव्हा प्रश्न असा, की त्याचा आप्त कोण?

यासाठी सुरुवातीला जावं लागेल. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये 'ल व्हेलो' नावाचं क्रीडा दैनिक जोरात होतं. ते हिरवट कागदावर छापलं जाई. त्याचे संपादक पिएर जिफार हे ड्रेफस प्रकरणात कॅप्टन ड्रेफस यांच्या बाजूचे, आणि त्यांच्या पत्राचे मोठे जाहिरातदार, त्यात मोटारी बनवणारे काउंट द दिओन, विरुद्ध बाजूचे. वाद विकोपाला गेला. या कारखानदारांनी १९०० मध्ये स्वतःचं वेगळं दैनिक काढलं आणि आंरी देग्रांज यांना संपादक नेमलं. नावावरून कोर्टकचेरी झाली, त्यात हरले, आणि १९०३ च्या आरंभी पत्राचं नाव नुसतं 'लोतो' उरलं. कागद पिवळा. खप काही वाढेना. तेव्हा जेओ लफेव्र या तरुण वार्ताहरानं सुचवलं की सायकलवरून सगळ्या फ्रान्सला फेरी मारणारी शर्यत भरवू.

म्हणजे लक्षात घ्या, बातमी हवी होती म्हणून घटना घडवली गेली. १ जुलै १९०३ ला शर्यत सुटली. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते लिऑं हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा, आणि मोरिस गारँनं तो पावणेअठरा तासांत पुरा केला. स्वार रात्रभर अंधारात सायकल मारत होते. साठ निघाले, एकवीस पोचले. लफेव्र कधी सायकलनं, कधी आगगाडीनं पुढे जाऊन त्यांना गाठत होता. तोच अधिकारी आणि तोच वार्ताहर. त्या अंधारात काय झालं हे फ्रान्सनं पिवळ्या कागदावर वाचलं. 'लोतो'चा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला, आणि पुढच्याच वर्षी 'ल व्हेलो' बंद पडलं.

साक्षीदारच आयोजक, आणि आयोजकाचा धंदा साक्षीवर चालतो! न्यायदर्शनाचा विद्यार्थी इथे भुवया उंचावेल. आणि उंचावाव्यातच, कारण १९०४ ची दुसरी शर्यत याच कारणानं बुडता बुडता वाचली. प्रेक्षकांनी वाचून वाचून आपापले लाडके स्वार ठरवले होते. सेंत एतिएनजवळच्या घाटात रात्री स्थानिक स्वाराच्या चाहत्यांनी गारँ आणि इतरांवर हल्ला केला; पांगवायला पिस्तुलाचे बार काढावे लागले. रस्त्यावर खिळे टाकले गेले. स्वारांनीही काही कमी केलं नाही. आगगाडीनं, मोटारीनं अंतर कापल्याच्या तक्रारी झाल्या. चार महिन्यांनी फ्रेंच सायकल संघटनेनं पहिल्या चारही जणांना बाद केलं, आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता ठरला. वय एकोणीस. ज्यांनी जुलैमध्ये गारँचा जयजयकार केला होता, त्यांचा विजेता हिवाळ्यात बदलला. देग्रांज यांनी तर शर्यत संपली असंच लिहिलं होतं. पुढच्या वर्षी टप्पे लहान केले, रात्रीची दौड कमी केली. म्हणजे प्रत्यक्षाला थोडी जागा वाढवून दिली.

त्याच धोरणातली पुढची पायरी म्हणजे पिवळा अंगरखा. १९१९ मध्ये, महायुद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत, एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या स्वाराला पिवळी जर्सी दिली गेली. पिवळीच का, तर 'लोतो'चा कागद पिवळा, असं कारण सांगितलं जातं. पण सोय कोणाची? रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याची. धुळीनं माखलेल्या त्या थव्यात पहिला कोण, हे त्याला एका नजरेत कळावं म्हणून.

ती जर्सी पहिल्यांदा घातली यूजेन क्रिस्तोफनं. हाच तो स्वार, ज्याचा १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतात, तुर्माले घाट उतरताना, सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला. अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भाता मारायला एका पोराची मदत घेतली म्हणून त्याला वेळेचा दंड झाला! ही हकीकत फ्रान्समध्ये घराघरांत पोचली. पाहिली किती जणांनी? मूठभर. आणि तरी क्रिस्तोफवरचं लोकांचं प्रेम खोटं होतं असं कोण म्हणेल? त्यानं टूर कधीच जिंकली नाही. पहिल्या क्रमांकाच्या किती तरी स्वारांपेक्षा तो जास्त आठवला जातो.

आता कोणी म्हणेल, सर, हे जुनं झालं. आज हेलिकॉप्टर आहे, मोटारसायकलवर कॅमेरे आहेत, पहिल्या मीटरपासून शेवटच्यापर्यंत सगळं दिसतं. मग शब्दप्रमाणाची गरज काय? इथेच माझा आजचा मुख्य मुद्दा आहे.

१९९९ ते २००५, सलग सात वर्षं लान्स आर्मस्ट्राँग जिंकला. कर्करोगातून उठलेला माणूस. सगळ्या जगानं त्याला पडद्यावर डोळ्यांनी पाहिलं. घाटात तो सुटला हे प्रत्यक्ष होतं, त्यात भ्रम नव्हता. पण तो कशाच्या जोरावर सुटला, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. डोळ्यांना गती दिसते. रक्तात काय आहे ते दिसत नाही. काही थोडे पत्रकार विचारत राहिले, आणि त्यांच्यावर दावे झाले. ऑगस्ट २००५ मध्ये 'लेकिप' या दैनिकानं बातमी छापली की १९९९ च्या त्याच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ईपीओ या औषधाचा अंश आढळला आहे. त्यावरही मोठा वाद झाला. शेवटी २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेण्यात आली, आणि त्या जागी दुसऱ्या कोणालाही विजेता केलं नाही. यादीत ती सात वर्षं आजही रिकामी आहेत. १९०४ ला पाचवा आलेला सापडला. इथे कोणाचं नाव विश्वासानं लिहावं हाच प्रश्न होता.

पण 'लेकिप' म्हणजे कोण? १९४४ मध्ये 'लोतो' बंद झालं आणि १९४६ मध्ये त्याचा वारसा घेऊन निघालेलं दैनिक ते हे. आणि त्याची मालकी त्याच घराण्याच्या समूहाकडे, ज्याच्याकडे टूरची मालकी आहे. म्हणजे ज्या घराला या विजेत्यापासून फायदा होता, त्याच घरातून त्याच्याविरुद्ध साक्ष आली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आप्त म्हणजे ज्याचा हितसंबंध नाही तो, असं आपण सहज समजतो. असा माणूस शोधत बसलात तर जन्मभर कोणावर विश्वास ठेवता येणार नाही. हितसंबंध असूनही, त्याच्या विरुद्ध जाऊन, जे आहे ते जो सांगतो, तो आप्त. आणि अशी माणसं टिकायची तर ऐकणाऱ्यानं त्यांना थारा दिला पाहिजे. त्या सात वर्षांत शंका घेणाऱ्यांची टवाळी चाहत्यांनीही केली होती, हे विसरून चालणार नाही.

कारण प्रेक्षक नुसता बघ्या नसतो. १९७५ मध्ये प्वी द दोमच्या चढावर एका प्रेक्षकानं एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. सहाव्या विजयाच्या वाटेवर असलेला मर्क्स ती शर्यत तेव्हनेकडून हरला. २०२१ ला ब्रिटनीत पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यात पुढे आली. तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ स्वारांकडे. थव्यातले बरेच स्वार एकमेकांवर कोसळले. बघायला आलेल्या माणसाला आपण दिसावं असं वाटलं, आणि समोरून येणारी गोष्ट त्याला दिसेनाशी झाली.

तर मग आज जुलैमध्ये मी घाटात सुटणाऱ्या स्वाराकडे कसं बघावं? संशयानं बघितलं तर आनंद जातो, आणि डोळे मिटून विश्वास ठेवला तर पुन्हा सात रिकाम्या ओळी वाट्याला येतात. माझं उत्तर असं आहे की आनंद आज घ्यावा, निकाल मात्र उघडा ठेवावा. विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असे : शब्दावर विश्वास ठेवणं हा भाबडेपणा नाही, त्याशिवाय ज्ञानच होत नाही, पण कोणाच्या शब्दावर, हे विचारायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. जो विचारतो त्याला शर्यतीचा शत्रू समजू नका. १९०४ नंतर टूर टिकली ती अशाच चौकशीमुळे.

यावर तुमची मतं वेगळी असतील. ती अवश्य मांडा, मी ऐकायला बसलो आहे.