काचेवरचं शेवाळ

शेवाळ म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्या आठवतात. पण घरात काचेच्या टाकीत समुद्र ठेवू पाहणाऱ्या हौशी माणसांना हे शेवाळ पावणेदोनशे वर्षं छळत आलं आहे. त्याच्याशी झालेल्या झटापटीचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

सुरुवात एका बाईंपासून करू. अ‍ॅना थिन लंडनमध्ये राहायच्या. १८४६ साली टॉर्की गावच्या किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ दिसले आणि ते त्यांनी घरी आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावं लागे, आणि हे काम रोज मोलकरीण करायची. (इतिहासात नाव मालकिणीचं राहतं, हात मात्र दुसऱ्याचे दुखतात. असो.) पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या.

त्याच सुमाराला रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्येच प्रयोग करत होते. गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवायची. वनस्पती प्राणवायू देईल, मासा कर्बवायू देईल, दोघांचं भागेल, असा विचार. पण पानं कुजू लागली, पाणी गढूळलं आणि काचेवर हिरवा थर चढला. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ केली! १८५० साली त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. नंतर खाऱ्या पाण्यातही त्यांनी हाच मार्ग धरला, फक्त गोगलगायी समुद्रातल्या घेतल्या.

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत समुद्र ठेवायची लाटच आली.

पण अडचण मुळातच होती. वनस्पतीला उजेड हवा, आणि त्याच उजेडात नको ते शेवाळही फोफावतं. खिडकीत ठेवलेली टाकी बघता बघता हिरवीगार व्हायची.

यावर विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने वेगळाच उपाय काढला. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्याने खाली अंधारा हौद ठेवला. वरच्या सगळ्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्या हौदात असे आणि पंपाने ते सतत फिरत राही. अंधारात तरंगतं शेवाळ टिकत नाही, आणि पाणी भरपूर असलं की घाणही पातळ होते. आज समुद्री टाकीच्या खाली कपाटात जी दुसरी टाकी असते, तिला मी लॉइडच्या हौदाची नात म्हणते.

तरी एक प्रश्न उरतोच. माशांना घातलेल्या खाण्याचं शेवटी होतं काय? त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात साठत जातात, आणि तेच शेवाळाचं खत. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी हा विचार उलटा फिरवला. शेवाळ वाढणारच असेल, तर ते आपण नेमून दिलेल्या जागी वाढू द्या! वेगळ्या ट्रेमध्ये जाळी, वर प्रखर दिवा, खळखळतं पाणी. तिथे शेवाळ भराभर वाढतं, आणि दर थोड्या दिवसांनी ते खरवडून काढलं की त्याने शोषलेलं खतही टाकीबाहेर जातं. १९८२ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

हे सगळं मी वाचत बसले ते माझ्या भाच्यामुळे. त्याच्या टाकीत प्रवाळावर शेवाळाचे केसाळ झुपके आले. “मावशी, कंटाळलो. सगळं ओतून देतो,” म्हणाला. मी विचारलं, “आणि आतल्या जिवांचं काय?” त्यावर तो गप्प झाला. मग आम्ही उपायांची यादी केली. खाणं कमी घालायचं, दिव्याचे तास कमी करायचे, नळाऐवजी आरओचं पाणी वापरायचं, थोडं पाणी नियमित बदलायचं, हाताने शेवाळ उपटायचं आणि गोगलगायी सोडायच्या. यातलं बरंचसं वॉरिंग्टनसाहेबांना ओळखीचं वाटलं असतं. शिवाय धीर हवा, कारण आठवड्यात काहीच दिसत नाही.

गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलं. वडिलांची पुस्तकं वाचून लोक किनाऱ्यांवर तुटून पडले आणि खडकांतली ती सुंदर डबकी ओरबाडून गेली, याची खंत त्यात आहे. उलट बाजूचाही एक धडा आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा नावाचं शोभेचं हिरवं शेवाळ सापडलं, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं.

म्हणून टाकीतून उपटलेलं शेवाळ खाडीत किंवा गटारात सोडू नका. कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मग कचऱ्यात टाका. आणि टाकी आणण्याआधी ती रोज कोण पुसणार, हे घरात ठरवून घ्या.