तलावाचं पाणी आणि रोजची वही

पोहण्याच्या तलावाला परवाना आणि तपासणी लागते, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण इंग्लंडमध्ये ती रुजायलाही बरीच वर्षं लागली.

१८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन नावाच्या गरीब बाईने आपल्या घरचा पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना कपडे धुवायला खुला केला. त्यातूनच पुढे १८४२ मध्ये त्या शहरात सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याची जागा सुरू झाली. १८४६ च्या कायद्याने अशी स्नानगृहं सार्वजनिक पैशातून बांधायची मुभा मिळाली. हळूहळू त्यांत पोहण्याचे तलावही आले.

पण पाण्याचं काय? तलाव एकदा भरायचा, काही दिवस वापरायचा आणि मग रिकामा करायचा, अशी रीत होती. पाणी ताजं असेल त्या दिवशी तिकीट महाग, गढूळ होत जाईल तसं स्वस्त! म्हणजे ज्याच्या खिशात कमी पैसे, त्याच्या वाट्याला घाण पाणी.

पुढे गाळणयंत्रं आली. अमेरिकेत १९१० च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या तलावात क्लोरीनचा प्रयोग झाला. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने १९२९ मध्ये तलावांच्या पाण्याच्या शुद्धीकरणावर अहवाल काढला. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने तर खासगी तलावांच्या पाण्यासाठीही नियम करायचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. स्वच्छता ही मालकाची मर्जी राहिली नाही, ती त्याची जबाबदारी झाली.

आपल्याकडेही भारतीय मानक संस्थेने तलावाच्या पाण्यासाठी मानक ठरवलेलं आहे. पण मानक कागदावर असून भागत नाही. निळंशार दिसणारं पाणी शुद्ध असेलच असं नाही. डोळे चुरचुरायला लावणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, हाही गैरसमज. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास येतो.

बँकेत आम्ही रोजची रोकड रोज जुळवायचो, महिनाअखेरीची वाट बघत नव्हतो. तलावाचंही तसंच. परवाना वर्षातून एकदा मिळतो, पाणी मात्र रोज बदलतं. म्हणून क्लोरीन आणि पीएच दिवसातून अनेकदा तपासून वहीत नोंदवायला हवेत. नातवंडांना क्लासला घालताना फीबरोबर ती वहीही जरूर मागा. दाखवायला कोणी आढेवेढे घेतले, तर काय ते समजून घ्या.