सापाच्या नावाची मुळी

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. साल 1563, गाव गोवा. मांडवीच्या धक्क्यावर जहाजं लागलेली आहेत. चिखल चुकवत तुम्ही ज्या घरात शिरता, ते गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर त्यानं संवादांच्या रूपात लिहिलेलं पुस्तक याच वर्षी गोव्यात छापलं जातंय. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून त्यानं खंडानं घेतलंय. तिथल्या आंब्याचं कौतुक त्याच्या तोंडून ऐकताना लालबाग-परळची गर्दी आठवून तुम्हाला हसू येतं, पण इथे ते कुणाला कळणार?

तुमच्यासमोर बोटाएवढी, वेडीवाकडी, मातकट मुळी ठेवलेली आहे. चिमूटभर कुरतडून बघा. वास काहीच नाही, पण कडूपणा जिभेच्या मुळापर्यंत जातो. सापाच्या विषावर चालणाऱ्या ज्या मुळ्यांबद्दल ऑर्ता लिहितो, त्यांतली ही एक. आज आपण हिला सर्पगंधा म्हणतो, किंवा अडकई. मुंगूस ही मुळी चावतं, तिचा रस मिसळलेली लाळ अंगाला चोळतं आणि मगच नागाशी भिडतं, अशी कथा इथे सगळे सांगतात. तुम्ही बोलू नका. मुंगूस वाचतं ते चपळाईनं, आणि त्याच्या स्नायूंवर नागाचं विष नीट चिकटतच नाही म्हणून. हे कळायला अजून चारशेहून अधिक वर्षं आहेत. शिवाय नको ते बोलायला गोव्यात हा काळ बरा नाही. ऑर्ता 1568 मध्ये जाईल, आणि तो छुपा ज्यू होता म्हणून इन्क्विझिशनची धर्मसभा 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळेल.

तर मुळीची पहिली कीर्ती सापावरची, आणि ती खोटी. आपल्या संहितांतही सर्पगंधा हे नाव विषाच्या उपचारांत येतं. ती हीच वनस्पती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण कीर्ती खोटी म्हणून मुळी फेकून देऊ नका. कमरेला खोचा आणि पूर्वेकडे चला.

बिहारमधल्या एका खेड्यात रात्र पडली आहे. साल विचारू नका, इथे ते कुणी मोजत नाही. एक आई शेतावरून राबून आली आहे आणि पोर किरकिर थांबवत नाही. ती त्याला तुमच्याकडे आहे तसलीच मुळी किंचित उगाळून चाटवते. थोड्या वेळानं पोर झोपतं. शेजारच्या घरात वेड लागलेल्या माणसालाही हीच देतात. लोक तिला ‘पागल की दवा’ म्हणतात. सापाची गोष्ट ग्रंथांतून ग्रंथांत गेली. ही दुसरी माहिती मात्र गरिबाघरच्या चुलीजवळ राहिली, आणि खरी निघाली ती हीच. जुन्या ज्ञानाबद्दल भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मी या झोपडीत आणून बसवीन. एकाला सगळं ग्रंथांतच सापडतं, दुसऱ्याला पाल्यामुळीत काहीच दिसत नाही.

1931 मध्ये फार रेंगाळायचं नाही. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस याच वर्षी लिहितात की ही मुळी वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर चालते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी तिच्यातून स्फटिकरूप अल्कलॉइडं वेगळी काढताहेत. त्यांतल्या एकाला ते हकीम अजमल खानांच्या आठवणीत ‘अजमलीन’ हे नाव देतात. दोन्ही कामं हिंदुस्थानी नियतकालिकांत छापून येतात आणि बाहेरच्या जगाला पत्ता लागत नाही.

आता परळ. 1940 चं दशक संपत आलंय. ट्राममधून उतरा आणि केईएम रुग्णालयात या. खाटेवर साताऱ्याकडचा एक गिरणी कामगार आहे. डोकं फुटेल असं दुखतं, जिना चढला की धाप लागते. बाहीची पट्टी फुगते, पारा चढतो आणि दोनशेच्या वर जाऊन थांबतो. त्याला काय द्यायचं? खरं सांगायचं तर कुणाकडे फारसं काही नाही. विश्रांती, बिनमिठाचं जेवण, गुंगीची औषधं, आणि फारच झालं तर पाठीतल्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया. 1945 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब तीनशेवर होता. जगातले उत्तम डॉक्टर उशाशी असून ते बघत राहण्यापलीकडे फार काही करू शकले नाहीत.

इथले डॉक्टर रुस्तम जाल वकील लंडनमध्ये शिकून आलेत. त्यांनी या मुळीच्या गोळ्या वापरायला घेतल्या आहेत. हिमालया कंपनीची ‘सर्पिना’ बाजारात मिळतेच. खाटेवरचा माणूस तुमच्या कानाशी कुजबुजतो, “दादा, मुळीनं कुठं असलं दुखनं उतरतंय व्हय? आमच्याकडं ही सापावर देत्यात.” तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण थांबा. वकिलांचं मोठेपण उत्तर माहीत असण्यात नाही. ते मोजतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात, आठवड्यानं पुन्हा, आणि लिहून ठेवतात. पहिले काही दिवस पारा जागचा हलत नाही. घाईच्या डॉक्टरनं औषध कधीच बदललं असतं. मग आकडे उतरू लागतात, एकदम नाही, हळूहळू. माणसाला शांत झोप लागते. नाडी जरा मंदावते. नाक चोंदतं, त्याचीही नोंद होते.

पन्नास रुग्णांवरचा हा अभ्यास 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून येतो, आणि इतकी वर्षं न ऐकणारं जग कान देतं. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स तो वाचून आपल्या रुग्णांना मुळी देऊ लागतात. या कामासाठी वकिलांना 1957 मध्ये लास्कर पुरस्कार मिळेल.

रुग्णालयातून बाहेर पडलात की त्याच रस्त्यानं थोडं चाला. हाफकिन संस्थेच्या आवारात घोडे उभे आहेत. त्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात. सापावरचा खरा इलाज इथे घोड्यांच्या रक्तात आहे आणि ‘सापाची मुळी’ शेजारी रक्तदाब उतरवतेय. ऑर्ताला इथे आणता आलं असतं तर मजा आली असती. मुंबई बेट शेवटी त्यानंच खंडानं घेतलं होतं.

1952. बाझेलमध्ये सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढतात: रेसरपीन. ते मिलिग्रॅमच्या अंशात काम करतं. पण कसं करतं, ते बघायला स्वीडनमधल्या लुंडला जाऊ. 1957 आहे. आर्विद कार्लसन यांच्या प्रयोगशाळेत रेसरपीन टोचलेले ससे कान पाडून गप्प पडलेत. मग त्यांना एल-डोपा टोचतात, आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हालचाल करू लागतात. मज्जातंतूंच्या टोकांशी निरोपाची रसायनं साठवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. रेसरपीन त्या पिशव्या भरणारा पंप बंद पाडतं. साठा संपतो, रक्तवाहिन्यांना आवळून धरण्याचा हुकूम पोचत नाही, आणि दाब उतरतो. साठा संपायला वेळ लागतो, म्हणून तर परळमधला पारा आधी हलत नव्हता. सशांच्या मेंदूतून गेलेलं आणि एल-डोपानं परत आलेलं रसायन डोपामीन होतं. पुढे कंपवाताचा उपचार याच वाटेनं सापडला आणि कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

हाच साठा मन थाऱ्यावर ठेवायलाही लागतो. रेसरपीन घेणारे काही रुग्ण खोल उदास होऊ लागले, तेव्हा डॉक्टर सावध झाले. पुढच्या दशकांत याहून सोसवणारी औषधं आली आणि रेसरपीन बहुतेक चिठ्ठ्यांवरून उतरलं. इकडे मागणीनं जंगलाचं व्हायचं ते झालं. औषध मुळातच असल्यानं झाड उपटल्याशिवाय ते मिळत नाही. सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 खाली नियंत्रित आहे.

घड्याळ पुन्हा बांधा. आजची मुंबई, काष्ठौषधीचं एक दुकान. बरणीत तीच वेडीवाकडी मुळी. “बीपीला चालते, झोपेला चालते, सापालाही चालते,” दुकानदार सांगतो. तीनपैकी दोन गोष्टी बरोबर, म्हणून तर हा माणूस जास्त धोक्याचा. कुठल्या मुळीत रेसरपीन किती, हे बरणीवर लिहिलेलं नाही, आणि एका मुळीतलं दुसरीत तेवढंच असेल असंही नाही. तुम्ही रक्तदाबाची कुठली गोळी आधीच घेता का, पूर्वी कधी उदासीनतेचा त्रास झालाय का, हे तो विचारत नाही. तो फक्त विचारतो, “पावशेर देऊ का?”