तिखं, वूट्झ आणि खिशातला चाकू

जुना घडीचा चाकू घरात सापडला की मला फोटो येतो, आणि त्याखाली एकच प्रश्न: हा चकचकीत कसा करायचा? माझं संशोधन पोलादावर चढणाऱ्या थरांवर आहे, त्यामुळे मित्रांच्या दृष्टीने मी "गंजवाला". पण या प्रश्नाचं खरं उत्तर रसायनात कमी आणि इतिहासात जास्त आहे. चाकू चकचकीतच असायला हवा, ही समजूत जेमतेम शंभर वर्षांची आहे.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्या घरात "स्टील" म्हणजे डबे, ताटं, पेले. म्हणजे न गंजणारं स्टेनलेस. आजीची विळी किंवा आजोबांचा काळपट चाकू मात्र "लोखंडी". वास्तविक त्या चाकूचं पातं अस्सल पोलाद असतं, त्यात साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन असतो आणि धार धरण्याच्या बाबतीत ते आजच्या स्वस्त स्टेनलेस चाकूला सहज मागे टाकतं. जुन्या मराठीत यासाठी वेगळा शब्द होता: तिखं. "तीक्ष्ण"वरून आलेला. मोल्सवर्थच्या कोशात तो पोलाद या अर्थाने दिलेला आहे. फारसीतून आलेलं "पोलाद" नंतर टिकलं, तिखं मागे पडलं. मऊ लोखंडाचं अवजार करायचं आणि धारेपुरतं तिखं जोडायचं, ही लोहाराची जुनी रीत. महाग माल जिथे लागतो तिथेच वापरायचा.

आता १७९४ सालात या. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, हेलेनस स्कॉट. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना तो इकडच्या वस्तूंचे नमुने पाठवायचा. या खेपेला त्याने पोलादाच्या वड्या पाठवल्या आणि नाव लिहिलं "वूट्झ". हा शब्द कन्नड "उक्कु"चा इंग्रजी कानांनी केलेला अपभ्रंश, असं सर्वसाधारणपणे मानतात. जॉर्ज पिअर्सन या वैद्याने त्या नमुन्यांवर प्रयोग केले आणि जून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलंय. ते चूक. मुंबई हे फक्त बंदर होतं. वूट्झच्या भट्ट्या आजच्या कर्नाटक, तेलंगणा आणि तमिळनाडूच्या भागात होत्या.

या निबंधात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी छोटी आहे. एवढं दुर्मीळ पोलाद हाती आल्यावर त्यांनी तलवार केली नाही. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने, जो शस्त्रक्रियेची हत्यारं आणि सुऱ्या बनवायचा, त्याचा एक पेननाइफ घडवला. लेखणी तासायचा चाकू. तो घडवताना त्याला मंद लाल आचेवरच काम करावं लागलं, कारण वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि जास्त तापवलं की ते हातोड्याखाली चक्क तुटतं. मग त्याने पात्याला ४५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २३२ अंश सेल्सिअसवर, उतरतं पाणी दिलं. निष्कर्ष असा की धार उत्तम इंग्रजी पोलादाच्या तोडीची आहे आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांना हा माल फार उपयोगी पडेल. हा २३२ आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं बघा. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली, आणि तहाचे, हिशेबाचे, वसुलीचे कागद पुण्यात मोडीत लिहिले जात होते. पेशवे दप्तरातला प्रत्येक कागद बोरूने लिहिलेला. बोरू तासायचा, टोक तिरकं छाटायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची तर चाकू वस्तऱ्यासारखा लागतो. बोथट चाकूने चीर वाकडी जाते आणि शाई फुटते. या चाकूला दरबारी भाषेत कलमतराश म्हणत. लंडनमध्ये पिसाची लेखणी, पुण्यात बोरू, पण खिशातल्या छोट्या चाकूचं मूळ काम दोन्हीकडे एकच. इंग्रजीत त्याचं नाव अजून "पेननाइफ"च आहे, लेखणी गेली तरी.

वूट्झ बनवायची रीत वाचताना एक ओळखीची गोष्ट भेटते. मातीच्या बंद मुशीत लोखंडाचे तुकडे, त्यासोबत तरवडाचं वाळकं लाकूड आणि रुईची पानं, आणि मग तासन्‌तास भाता. लाकूड-पानांचा कोळसा होतो, त्यातला कार्बन लोखंडात मुरतो. तरवड आणि रुई! चिखली-मोशीच्या मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या फुलांचं जे झुडूप तुम्ही रोज बघता, तोच हा तरवड.

पुढे स्टोडार्टने तरुण मायकेल फॅरडेला सोबत घेतलं (होय, वीजवाला फॅरडे) आणि दोघांनी वूट्झची नक्कल करायच्या नादात पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. त्यात क्रोमियमही होतं. फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए याने १८२१ मध्येच सांगितलं होतं की क्रोमियम मिसळलेलं लोखंड आम्लाला दाद देत नाही आणि त्याचे चाकू करता येतील. पण वापरण्याजोगं न गंजणारं पोलाद यायला १९१३ उजाडलं. शेफिल्डचा हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद ओतलं. ते नळ्यांपेक्षा सुऱ्यांना जास्त शोभेल हे त्याच्या लक्षात आलं. शेफिल्डच्या सुरीवाल्यांनी आधी त्याची टर उडवली, न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून. कारण या नव्या धातूला पाणी कसं द्यायचं हेच त्यांना उमगलं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या लाल चाकूवाल्या कंपनीने १९२१ मध्ये मालकाच्या आईच्या नावाला, व्हिक्टोरियाला, "इनॉक्स" जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव घेतलं. इनॉक्स म्हणजे न गंजणारं. गंज न येणं ही एवढी मोठी बातमी होती की ती नावातच घातली!

म्हणजे १९१३ च्या आधीचा जगातला प्रत्येक चाकू काळा पडत होता आणि रोज पुसावा लागत होता. राजाचासुद्धा.

आता तुमच्या चाकूकडे वळू. आधी तो कोणत्या जातीचा ते ठरवा. चुंबक लावून बघू नका, फसाल: डब्यांचं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, पण चाकूचं स्टेनलेस चिकटतं. पात्याच्या मुळाशी "इनॉक्स", "रोस्टफ्राय" किंवा "स्टेनलेस" कोरलेलं आहे का ते भिंगातून पाहा. काहीच नसेल तर पात्यावर कैरीची फोड दहा मिनिटं ठेवा. करडा-निळसर डाग पडला तर ते कार्बनचं पोलाद, म्हणजे तुमच्याकडे तिखं आहे.

हा डाग म्हणजे घाण नव्हे. कैरी, केळफूल, आवळा यांत टॅनिन असतं. लोखंडाशी त्याचं काळं-निळं संयुग होतं. युरोपात शेकडो वर्षं याच संयुगाची शाई करत. विळीवर कैरी चिरली की फोडी काळ्या पडतात ते हेच. पात्यावर हा थर पातळ आणि घट्ट बसतो आणि खालच्या धातूला थोडंफार झाकतो. लाल गंजाचं वागणं उलटं. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, फुगतो, त्याला भेगा पडतात, भेगांत ओल धरते आणि खाली आणखी गंज. म्हणून नियम सोपा: लाल काढायचं, काळं ठेवायचं. पॉलिश पेपर आणि बफ लावून आरसा करण्यात तुम्ही काळं घालवता, शेफिल्डचा किंवा आणखी कुठला बारीक ठसा घासून टाकता आणि वर पुन्हा उघडा धातू हवेला देता. एका पावसाळ्यात तो परत लाल. इंद्रायणीकाठच्या आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि लोखंडाला गंजायला ६० पुरते.

घडी अडकली असेल तर जोर लावू नका, नखाची खाच तुटते. खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी थोडं उघडा, मिटा, परत तेल. आत साचलेला काळा राळ बांबूच्या काडीने काढा, खिळ्याने नाही. लाल गंजावर तेल लावून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा. चुलीची राख मिळत असेल तर उत्तमच. आजी विळीला राख लावायची त्यामागे चांगलं रसायन आहे: राख बारीक घासते, शिवाय ती क्षारयुक्त असल्याने ओषटपणा जातो आणि लोखंड गंजायला नाखूश होतं. विटकरीने मात्र ओरखडे पडतात. चिंच-लिंबू चालेल, पण दोनचार मिनिटं, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं; नाहीतर आम्ल गंजानंतर धातूही खातं. उकळत्या पाण्याने लाल गंज काळा होतो हे खरं आहे, बंदुकीच्या नळ्या तशाच काळ्या करत. पण घडीच्या चाकूला मूठ असते. शिंगाची असेल तर वाकते, आणि जुन्या सेल्युलॉइडची असेल तर उष्णतेजवळ नेऊच नका, ते पेट घेतं. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून नत्राची आम्लधर्मी वाफ सुटते. मिटलेल्या चाकूचं पातं फक्त मुठीजवळच गंजलेलं दिसलं तर संशय मुठीवर घ्या.

शेवटी तेलाचं बोट फिरवून ठेवा. सांध्यात करडई, सूर्यफूल किंवा जवसाचं तेल घालू नका, ते हवेने चिकट होऊन घट्ट बसतं. खोबरेल बरं, पण थंडीत गोठतं. मशीनचं तेल सगळ्यात चांगलं. आणि चाकू चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं ओल आणि क्षार धरून ठेवतं.

आता धार, आणि तो २३२. आपल्या पट्ट्यात ग्राइंडर नाही असं शेड सापडणं कठीण. चिखली, तळवडे, भोसरी, कुठेही जा, कोणीतरी उत्साहाने म्हणतं, "द्या इकडे, एका मिनिटात करून देतो." आणि तेवढ्या एका मिनिटात चाकू मरतो. पोलाद तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो: साधारण २३० अंशांना गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. स्टोडार्टने २३२ वर थांबून जी कठीणता राखली, ती ग्राइंडरची ठिणगी काही सेकंदांत ओलांडते. धार निळी झाली म्हणजे ती मऊ झाली. मग कितीही घासा, दोन दोऱ्या कापल्या की बोथट. गंमत अशी की त्याच चाकूच्या पाठीची स्प्रिंग मुद्दाम ३०० च्या आसपास नेलेली असते, कारण तिला कापायचं नसतं, वाकून परत यायचं असतं. एका मुठीत दोन पोलादं, दोन तापमानं. लोहार हे थर्मामीटरशिवाय, सावलीत बसून, नुसत्या रंगावर ओळखायचा.

म्हणून निसणा घ्या, पाण्याने ओला करा आणि हाताने धार लावा. प्रत्येक बाजूला साधारण २० अंशांचा कोन. पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ७ मिलिमीटर उचला. पंधरा मिनिटं लागतात. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला आला तर त्यालाही द्यायला हरकत नाही. पायाने फिरणारं चाक फार वेगात जात नाही आणि तो मधेमधे पाणी मारतो.

असे चाकू मिळतात कुठे, हेही बरेच जण विचारतात. चिखलीतल्या कुदळवाडीच्या भंगार दुकानांत ते किलोवर यायचे, पान्हे आणि कानशींच्या ढिगात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामं आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. अनधिकृत बांधकाम, आगी आणि प्रदूषण हे मुद्दे खरे होते. पण तो ढीग हे आमच्यासारख्यांचं विनातिकीट संग्रहालयही होतं, आणि भंगार वेचून पोट भरणाऱ्यांचं काय झालं हा प्रश्न माझ्या चाकूंपेक्षा कितीतरी मोठा आहे.

रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी अजून दिसतात. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरतो आणि बाई घण घालते. त्यांच्याकडचं आजचं तिखं म्हणजे ट्रकचे जुने कमानपाटे, ०.५ ते ०.६ टक्का कार्बनचं चांगलं स्प्रिंगचं पोलाद. चाकणच्या रस्त्यावर लाखो किलोमीटर ओझं वाहिलेला पाटा शेवटी कोयता होतो. तुमच्या चाकूची स्प्रिंग तुटली असेल तर कुरिअरने बाहेरगावी पाठवायच्या आधी यांना दाखवा. स्प्रिंगला पाणी देताना कोणत्या रंगावर थांबतात तेही विचारा. रंगाचं नाव ऐकलं तर मला नक्की कळवा, मी अशी नावं जमवतो आहे.