मुरणे, जिरणे, कुजणे
नोएडा हे गावाचं नाव नव्हे, शिक्क्यावरचं नाव आहे. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ची आद्याक्षरं. १७ एप्रिल १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत, उत्तर प्रदेश सरकारने ही संस्था स्थापली आणि यमुना-हिंडनमधल्या शेतांना सेक्टरांचे आकडे मिळाले. पुढे ८ जुलै १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ धोकादायक उद्योग बंद करायला सांगितले. कारखाना हलवता येतो. त्याच्याखालची माती मात्र जागेवरच राहते.

इथे राहून अनुवाद करताना मी एका शब्दाशी अडले: ‘नॅचरल ॲटेन्युएशन’. प्रदूषित मातीला तिच्या वेळेवर सोडायचं आणि लक्ष ठेवायचं, या पद्धतीचं हे नाव. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल १९९९मध्ये तिची मार्गदर्शक सूत्रं काढली. हातावर हात ठेवून बसणं म्हणजे ही पद्धत नव्हे, असं त्यांत बजावलं आहे. पण त्या एका नावात किती गोष्टी कोंबल्या आहेत! जिवाणूंनी विष मोडून खाणं, ते पाण्यात पातळ होणं, हवेत उडून जाणं, मातीच्या कणांना चिकटून बसणं. यांतल्या पहिल्या प्रकारात विष संपतं. बाकीच्यांत ते पसरतं, गाव बदलतं किंवा दडून बसतं.

मराठी इतकी उदार नाही. कचरा कुजतो, पाणी जिरतं, लोणचं मुरतं. आणि कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं की कान टवकारतात. ‘नैसर्गिक क्षीणन’ हा पाठ्यपुस्तकी शब्द हे सगळे भेद गिळून टाकतो.

भेद किती खरे आहेत, ते याच राज्यात दिसतं. लिंडेन या कीटकनाशकात कीड मारणारा एकच प्रकार असतो, गॅमा. एक टन लिंडेन काढताना त्याच रसायनाच्या बाकीच्या रूपांचा आठ ते बारा टन गाळ उरतो. लखनौजवळ उम्मरी गावात असा गाळ वर्षानुवर्षं टाकला गेला. तिथल्या ढिगाच्या एक ग्रॅम मातीत ४५० मिलिग्रॅम विष मोजलं गेलं आहे, म्हणजे जवळपास निम्मी माती तेच. दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या चमूने तिथेच ते खाणारे जिवाणू शोधले. फॅरडेने हा पदार्थ १८२५मध्ये बनवला खरा, पण शेतात तो आला १९४०च्या दशकात. म्हणजे काही दशकांतच जिवाणूंनी तो पचवायची युक्ती साधली. त्यांतल्या दोन जातींची नावं आहेत ‘स्फिंगोबियम उम्मारिएन्स’ आणि ‘स्फिंगोबियम चिनहाटेन्स’. दुसरं लखनौच्या चिनहटवरून. गावाचं नाव लॅटिनमध्ये जावं ते या निमित्ताने! अनुवादक म्हणून मला हेवाही वाटला, लाजही.

तरी ढीग आपोआप संपत नाही. बीटा नावाचं रूप फार चिवट; त्यातले सहाही क्लोरीन अशा जागी बसलेले असतात की ते सहज निघत नाहीत. गॅमा आधी जातो, बीटा मागे राहतो, आणि तो प्राण्यांच्या चरबीत साठतो.

आणि धातू? कानपूर देहातमधल्या रनिया भागात क्रोमियमच्या कचऱ्याचे ढीग १९७६पासून पडून होते. राष्ट्रीय हरित लवादापुढे ते प्रकरण गेलं. नोएडाच्या वयाचे ढीग. क्रोमियम मूलद्रव्यच, त्याला कुठला जिवाणू मोडणार? फार तर तो विषारी षट्संयोजी रूपाचं कमी विरघळणाऱ्या त्रिसंयोजी रूपात रूपांतर करतो. बेंझिनसारखं पेट्रोलमधलं द्रव्य हवेशीर मातीत खरोखर कुजतं, क्रोमियम मुरतं. दोन्हींना ‘क्षीणन’ म्हणायचं?

नोएडाच्या पहिल्या सेक्टरांत आता जुन्या शेडांशेजारी काचेच्या कचेऱ्या दिसतात. तिथून जाताना मी अजून शब्द शोधत असते. छापायला मी ‘क्षीणन’च दिलं, पण तक्त्यातला रकाना दुभंगून एकावर ‘कुजलेलं’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘मुरलेलं’. संपादकांनी दुसरा रकाना कशासाठी, म्हणून विचारलं आहे.