लेकरू खोकतंय, अँटिबायोटिक द्यायचं का? गडचिरोलीत हे ठरलं श्वास मोजून

चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका माणिकगडच्या डोंगरात, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. पावसाळ्यात अशा डोंगराळ भागात रात्री लेकरू खोकायला लागलं, तर दवाखाना लांब असतो आणि मागच्या आजारपणातली अर्धी बाटली फळीवरच असते. ती पाजायची का?

पाजू नका. पावडरमध्ये पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होतं. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. या खोकल्याला अँटिबायोटिक लागतं का?

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८० च्या दशकाच्या शेवटी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. ५८ गावांत आरोग्य कर्मचारी आणि दाई यांना न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे औषध द्यायला शिकवलं. वर्षभरात न्यूमोनियाच्या ६१२ केसेसवर उपचार झाले, त्यातली ०.८ टक्के बालकं दगावली. हे काम सुरू नसलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

न्यूमोनिया ओळखायचा कसा? छातीचा एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. एक मिनिटात बाळ किती श्वास घेतं ते मोजायचं. ज्या दाईंना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की साध्या सर्दी-खोकल्याच्या बाळाला औषध 'न देणं'ही याच मोजणीतून ठरत होतं.

हे औषध जंतूला मारतं कसं?

बॅक्टेरियाला जगायला फोलेट लागतं आणि ते तो स्वतः तयार करतो. आपण ते अन्नातून घेतो. को-ट्रायमॉक्साझोल बॅक्टेरियाची ही फोलेट बनवण्याची सोयच दोन ठिकाणी बंद पाडतं. पेनिसिलिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाहीत. जेंटामायसिन त्याच्या प्रथिनं बनवण्याच्या कामात घोळ घालतं. व्हायरसकडे अशी भिंतही नसते आणि प्रथिनांचा स्वतःचा कारखानाही नसतो. म्हणून सर्दीवर या गोळ्या चालत नाहीत, कितीही महागडी आणा.

त्रास काय होऊ शकतो?

जुलाब सगळ्यात जास्त, कारण आतड्यातले उपयोगी बॅक्टेरियाही मरतात. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ओठ-चेहऱ्यावर सूज किंवा दम लागला तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा. जेंटामायसिनमुळे किडनी आणि श्रवणशक्तीला धोका असतो, म्हणून डोस वजनावर ठरतो. को-ट्रायमॉक्साझोलमुळे जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. घरात कुणाला ही कमतरता किंवा सिकलसेल असेल, तर औषध घेण्याआधी ते सांगाच.

मग तेच औषध आता पहिलं का नाही?

गडचिरोलीत लेकरं वाचवणारं को-ट्रायमॉक्साझोल पुढच्या काळात जगभर कमी पडू लागलं. कोट्यवधी बॅक्टेरियांत एखाद्याची रचना योगायोगानं थोडी वेगळी असते, औषध त्याला लागू पडत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. बॅक्टेरिया असे जीन्स एकमेकांना देतातही, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा. औषधाची सवय शरीराला होते, असं आपण सहज म्हणतो, पण ते चूक आहे. बदलतो तो जंतू. म्हणूनच आयुष्यात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्या बाळालाही दाद न देणारा जंतू लागू शकतो. २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं बालकांच्या न्यूमोनियासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिनला पहिली पसंती दिली आहे.

२०१९ या एका वर्षात अशा दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारतात मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टर आणि पेशंटचं नाव वहीत लिहावं लागतं. नियम चांगला आहे, पण डॉक्टरच्या आधी मेडिकल गाठणाऱ्यांना तो किती अडवतो, ते आपल्या गावातल्या काउंटरवर तुम्हीच पाहा.

घरी श्वास कसा मोजायचा?

बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोट-छाती उघडी ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर आशाताईंना किंवा दवाखान्यात दाखवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, झटके येत असतील किंवा ते जागंच होत नसेल, तर मोजत बसू नका. रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन लावा.